अट तिसरी

निविदा क्रमांक सतरा.
दवाखान्याच्या आवारासाठी बारा बाक,
पाठ टेकता येईल असे, रंग हिरवा किंवा करडा.
अट तिसरी: माल नवा कोरा असावा.

अट मीच टाइप केलेली.
तेवीस वर्षं जुन्या फाइलीवरून
तशीच्या तशी उतरवत आले,
म्हण वापरावी तशी, अर्थाकडे न बघता.

जुलैचा गारठा. उरुग्वाय नदीवरचं धुकं
खिडकीशी येऊन थबकलेलं.
इंजिनियर बेर्मुदेस तुंब्यातून माते ओढत
आणि मी कात्रीनं पाकिटं उघडत.

दोन राजधानीतून आलेली, गुळगुळीत, करकरीत.
तिसरं उलटं करून चिकटवलेलं,
आतली बाजू बाहेर.
उजेडात धरलं तर आतून
पुसट दिसत होतं आमच्याच नगरपालिकेचं नाव.
पाणीपट्टीच्या थकबाकीची नोटीस
कधीतरी त्यातून कुणाच्या तरी दारी गेली असणार.

संस्थेचं नाव: गाडीवाल्यांची सहकारी.
सभासद एकतीस, घोडे नऊ.
सही: झुल्मा पिन्तोस.
कच्च्या मालाचा उगम, या रकान्यात
ठसठशीत अक्षरात लिहिलेलं:
तुमच्या टोपल्या.

बेर्मुदेस म्हणाले, हिला बोलवा, हे काय उत्तर झालं?

ती आली. घोडा बाहेर जकारांडाला बांधला,
काखेत गोणपाटात गुंडाळलेली फळी.
करडी, मध्येच निळे ठिपके,
सोड्याच्या बाटल्यांची बुचं पूर्ण वितळली नव्हती.
दोन खुर्च्यांवर फळी आडवी टाकून म्हणाली,
बसा.

बेर्मुदेस भारदस्त माणूस. बसले.
फळी जराशी वाकली, आणि ते उठल्यावर
पुन्हा सरळ झाली.
हे काही नवं नाही, ते म्हणाले.
तुम्ही तरी कुठे नवे आहात, ती म्हणाली.

मी हसले. रजिस्टरकडे बघत हसले,
पण हसले.

मग दर वाचले. तिचा सर्वांत कमी.
मग अटी वाचल्या.
पाकिटं फुटल्यावर अट बदलता येत नाही,
हे मला कुणी सांगायला नको होतं,
मीच सगळ्यांना सांगत असते.

नकाराचं पत्र मी लिहिलं,
मान्यवर, आपल्या सहभागाबद्दल आभारी आहोत.
तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, चार घड्या घातल्या
आणि गोणपाटात टाकलं.
कागद आहे, म्हणाली, किलोला चार पेसो.

फळी मात्र इथेच राहिली.
नमुना परत मिळत नाही, ही अट नववी.

बारा बाक आले राजधानीहून, हिरवे, नवे कोरे.
चांगले आहेत. खोटं कशाला बोलू.
माझी बहीण डायलिसिसला जाते, त्यावरच बसते
आणि मी येईपर्यंत डबा सांभाळते.

फळी दोन खुर्च्यांवर तशीच.
आधी तिच्यावर फाइली आल्या, मग पंखा,
आता दुपारी मीच बसते,
भाजलेलं भरीत आणि पाव खाते.
निळा ठिपका एक माझ्या मांडीशी येतो नेहमी,
नखानं खरवडून बघितला, निघत नाही.

आज निविदा क्रमांक एकवीस. बसथांब्यांसाठी
चाळीस बाक.
जुनी फाइल समोर, अट पहिली उतरवली, दुसरी उतरवली.
तिसऱ्यापाशी बोटं थांबली.
बाहेर घोड्याच्या टापा वाजल्या,
कुणाचा घोडा ते माहीत नाही, गावात पुष्कळ आहेत.

दोन शब्द गाळले.
उरलं ते असं:
अट तिसरी: माल असावा.

बेर्मुदेसनी सही केली.
न वाचता,
माझ्यासारखीच.